भाला दिसतो, चारा दिसत नाही

(तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना येथे शिवजयंतीच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. शिवजयंतीच्या व्यासपीठावरून वक्त्याने गडकोटांविषयी बोलावे, प्रतापगडाचा प्रसंग रंगवावा, अशी आपली अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. मी मात्र आरंभ करणार आहे तो सातासमुद्रापलीकडच्या एका जेवणाच्या खेळापासून. तेथून आपण पुन्हा घनसावंगी तालुक्यातच येणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत ‘मेडीव्हल टाइम्स’ या नावाची एक व्यवसायसंस्था आहे. ‘मेडीव्हल टाइम्स’ म्हणजे मध्ययुग. या कल्पनेचे मूळ स्पेनच्या मायोर्का बेटावरील पर्यटकांच्या मेजवान्यांत आहे. तेथून ती अमेरिकेत गेली आणि १९८३ मध्ये फ्लोरिडा राज्यात तिचा पहिला ‘किल्ला’ उभा राहिला. आज अमेरिकेत नऊ आणि कॅनडात एक असे दहा किल्ले आहेत. हे किल्ले कोणत्याही राजाने बांधलेले नाहीत. वाहनतळासह, तिकीटखिडकीसह उभारलेली ती नाट्यगृहे आहेत. मध्ये वाळूचे लांबट रिंगण आणि भोवती चढत्या पायऱ्यांवर मांडलेली जेवणाची मेजे. प्रेक्षकाच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवला जातो. तो ज्या रंगाच्या विभागात बसेल, त्या रंगाचा योद्धा त्याचा. मग सहा योद्धे चिलखत घालून, लांब भाले पेलून घोड्यांवरून एकमेकांवर धावून येतात. भाले मोडतात, ढाली खणखणतात, एखादा योद्धा घोड्यावरून खाली कोसळतो आणि इकडे प्रेक्षक आपल्या योद्ध्याच्या नावाने ओरडत कोंबडीची तंगडी फोडीत असतो. काटे-चमचे देत नाहीत, कारण मध्ययुगात लोक हाताने जेवत. हाताने जेवणे ही ज्यांना नवलाई वाटते, त्यांच्यासाठी तोही खेळाचाच एक भाग!

कोण जिंकणार, हे संहितेत आधीच लिहिलेले असते. कथाही गरजेप्रमाणे बदलते. कित्येक वर्षे सिंहासनावर राजा बसत असे. २०१८ च्या सुमारास नवी संहिता आली आणि त्या जागी राणी बसू लागली. इतिहासात काही नवे सापडले म्हणून हा बदल झाला नव्हता. प्रेक्षकवर्गाची रुची बदलली, म्हणून राज्य बदलले.

ताटातील पदार्थ पाहिले तर आणखी मौज आहे. आरंभी टोमॅटोचे सार, पुढे बटाटा आणि मक्याचे कणीस. टोमॅटो, बटाटा आणि मका ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, त्यानंतर ती युरोपात आली. म्हणजे ज्या काळाचा देखावा मांडलेला असतो, त्या काळातील एकाही सरदाराने हे पदार्थ डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. पण ही चूक कोणालाही खटकत नाही, कारण जेवणाऱ्याला इतिहास नको असतो, इतिहासाची चव हवी असते.

भाल्यांची ही घोडझुंज प्रत्यक्षात होती कशी? मध्ययुगीन युरोपात सरदार युद्धाच्या सरावासाठी आणि मानासाठी ती खेळत. खेळातील भाल्याचे टोक अनेकदा बोथट ठेवीत, तरीही जीव जात. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री स्वतः अशा झुंजीत उतरला. प्रतिस्पर्ध्याच्या भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून त्याच्या डोळ्यात घुसली आणि दहा दिवसांनी तो मरण पावला. बंदुकांचा प्रसार वाढत गेला आणि चिलखती सरदारांचे युग संपले. संपलेल्या गोष्टीचा मोह मात्र सुटत नाही. १८३९ मध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटनच्या उमरावाने अमाप पैसा ओतून ही झुंज पुन्हा भरवली. प्रचंड गर्दी लोटली आणि नेमका मुसळधार पाऊस कोसळला. चिलखते घातलेले उमराव चिखलात रुतले आणि साऱ्या देशात हसे झाले. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या त्या समाजाला गतवैभवाची भूक लागली होती. ती भूक खरी होती, तिला मिळालेले अन्न खोटे होते.

या भोजनखेळाची आणखी एक बाजू आहे. न्यू जर्सीत आपल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि यातील एक किल्ला त्याच राज्यात आहे. २०२२ मध्ये तेथील योद्ध्यांची आणि इतर कलाकारांची कामगार संघटना उभी राहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कलाकारांनीही संघटना केली आणि २०२३ मध्ये तेथे कित्येक महिने संप चालला. मागण्या होत्या वेतनाच्या आणि सुरक्षिततेच्या. घोड्यावरून पडण्याचा अभिनय रोज करायचा, तर हाडे खरोखरच मोडतात. प्रेक्षकांच्या गोंगाटाने घोडा बिथरला, तर स्वाराला संहिता वाचवीत नाही. मुकुट घालून जेवणाऱ्यांच्या मनातही जे येत नव्हते, ते त्या योद्ध्यांना रस्त्यावर येऊन सांगावे लागले.

हे सारे ऐकून ‘अमेरिकन लोकांना इतिहास नाही, म्हणून ते विकतचा आणतात’ असे म्हणून हसणे सोपे आहे. तसे हसण्यापूर्वी आपण आपल्या लग्नमंडपाच्या दारात क्षणभर उभे राहू या.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे श्रीमंती लग्नाची एक नवी रीत पडली आहे. दारात दोन्ही बाजूंना भाले घेतलेले मावळे उभे असतात. तुतारी फुंकली जाते. वधू पालखीतून येते, वर घोड्यावरून येतो, आणि कोणी ध्वनिवर्धकावरून राजदरबारी ललकारी देतो. ही ललकारी ज्या सिंहासनापुढे घुमत होती, त्याची आठवण करा आणि आज ती कोणापुढे दिली जाते तेही पाहा. खानावळींच्या फलकांवर ‘शिवकालीन थाळी’ असते आणि त्या थाळीत टोमॅटोचा रस्सा आणि बटाट्याची भाजी असते. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या संपर्कातून सोळाव्या शतकात आली. बटाटा-टोमॅटो सामान्यांच्या ताटात रुळायला त्यानंतर फार मोठा काळ जावा लागला. न्यू जर्सीच्या किल्ल्यातील ताट आणि आपल्या महामार्गावरील ताट यांत तत्त्वतः काय अंतर राहिले?

मराठवाड्यातील एका लग्नसोहळ्यात दारातील अशा एका मावळ्याशी मी बोललो. वय असेल विशीचे. दुपारी चारपासून तो उभा होता. रात्रीचे दहा वाजत आले होते आणि भाला हातातून खाली ठेवायचा नाही, अशी ठेकेदाराची सक्त ताकीद होती. मी त्याला विचारले, “जेवलास का?” तो म्हणाला, “साहेब, पाहुणे आटोपले की.” त्याचे वडील कोरडवाहू शेतकरी. तो स्वतः पदवीच्या वर्गात शिकत होता. त्याच्या पगडीखालून घाम ओघळत होता आणि समोरून आइस्क्रीमच्या वाट्या जात होत्या. मंडळी त्याच्या शेजारी उभी राहून छायाचित्रे काढून घेत होती, पण त्याचे नाव कोणी विचारत नव्हते. महाराजांच्या फौजेत हा मुलगा असता, तर त्याचे नाव हजेरीपटावर लिहिले गेले असते.

मावळ्याचा वेष हा राबत्या माणसाचा वेष होता. तो वेष घालून एका भुकेल्या मुलाने पंगतीच्या दारात उभे राहावे आणि आपण त्याला इतिहासाचा गौरव म्हणावे, हे मला अस्वस्थ करते. आजचा विषय मी निवडला तो या अस्वस्थतेतून.

कोणी म्हणेल, लोकांना करमणूक नको का? अवश्य हवी. घोडा दौडताना पाहून ज्याचे रक्त उसळत नाही, त्याला मराठी मुलखाची हवा लागलेलीच नाही. करमणुकीला माझा विरोध नाही. आपल्या घरात काय आहे, हे न पाहता बाहेरचा नमुना उचलला जातो, हे माझे दुःख आहे.

आपल्याकडेही भाल्यांची घोडझुंज होती. तिचे नाव बोथाटी. ‘लाठी-बोथाटी’ हा जोडशब्द आपण सर्वांनी ऐकला आहे, पण बोथाटी म्हणजे काय, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. माणसाच्या उंचीहून बरीच लांब काठी, तिच्या टोकाला पात्याऐवजी कापडाचा गोळा. तो गोळा रंगात बुडवायचा आणि घोडेस्वारांनी एकमेकांवर धावून जायचे. अंगावर जो रंगाचा डाग उमटेल, तो भाल्याचा वार समजायचा. भाला चालवण्याचे सारे कसब त्यात पणाला लागे. घोडा वळवणे, वार चुकवणे, अंतर साधणे हे सगळे त्यात येई आणि जीव मात्र जात नसे. फ्रान्सचा राजा ज्या खेळात प्राणाला मुकला, त्या खेळाची ही आपली शहाणी बहीण आहे. दांडपट्टा, विटा, लाठी, बोथाटी हे मर्दानी खेळ कोल्हापूरच्या आखाड्यांनी आजवर जिद्दीने जपले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण शस्त्राला मान मिळाला तरी ते फिरवणारा हात गावोगावी तयार व्हावा लागतो आणि घोड्यावरची बोथाटी तर आज पाहायलाही मिळणे कठीण झाले आहे.

घोड्याचा दुसरा एक मराठी सोहळा मात्र आजही लाखोंच्या साक्षीने होतो. तो म्हणजे वारीतील रिंगण. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी माउलींच्या पालखीसोबत चालतात. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कोणीच नसते. तो माउलींचा अश्व. रिंगणात दोन्ही अश्व दौडतात. तेथे कोणी कोणाला पाडत नाही, कोणी जिंकत नाही. धाव संपली की वारकरी त्या टापांखालची माती कपाळाला लावतात. तिकीट नाही, आसनक्रमांक नाही, आणि पाहणारा प्रत्येकजण स्वतः चालत आलेला असतो. अमेरिकेतील वाळूचे रिंगण आणि वाखरीचे रिंगण यांत घोडा सारखाच आहे. फरक पाहणाऱ्याच्या पायांत आहे.

आता रंगमंचाकडे येऊ. ‘जाणता राजा’ हे महानाट्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ पासून ते रंगमंचावर आणले. दोनशेहून अधिक कलावंत, अनेक मजली रंगमंच, घोडे, उंट, हत्ती. आणि या डोलाऱ्यासह हजाराहून अधिक प्रयोग. अनेक ठिकाणी स्थानिक कलावंतांनाही त्यात सामावून घेतले गेले. बाबासाहेबांच्या इतिहासमांडणीविषयी महाराष्ट्रात मतभेद झाले, कडवट वादही झाले, हे आपण जाणतो. परंतु आयुष्यभर कागदपत्रे धुंडाळून, गडकोट पायी तुडवून मिळवलेली माहिती त्यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंतही नेऊन पोहोचवली, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. २०२१ मध्ये, वयाची शंभरी लागलेली असताना ते गेले. राज्याभिषेकाच्या ३५० व्या वर्षानिमित्त २०२४ मध्ये राज्य शासनानेही अनेक जिल्ह्यांत या महानाट्याचे प्रयोग करविले.

आणि आता तीर्थपुरीचा संबंध. ‘जाणता राजा’ हे दोन शब्द कोठून आले? समर्थ रामदासांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे जे काव्यमय वर्णन केले, त्यातून. समर्थांचा जन्म १६०८ चा आणि जन्मगाव जांब, म्हणजे आपल्याच घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थ. ज्या शब्दांनी त्या महानाट्याला नाव दिले, ते शब्द रचणारी वाणी याच मातीत प्रथम बोलू लागली. समर्थांनी राजाला पराक्रमी म्हटले, कीर्तिवंत म्हटले आणि ‘जाणता’ही म्हटले. जाणता म्हणजे ज्याला कळते तो. काय कळते? शत्रू कळतो, वेळ कळते, हे तर खरेच. पण आणखी काय कळते, हे समजून घ्यायचे असेल तर महाराजांचे एक पत्र वाचले पाहिजे.

चिपळूण भागात हलवर्ण येथे पागेची छावणी होती. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना महाराजांनी लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यातील आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्यासाठी दाणा, वैरण जमवून ठेवली आहे. आज भरपूर दिसते म्हणून तुम्ही बेपर्वाईने घोड्यांना चारली, तर भर पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी उपाशी पडतील, मरू लागतील आणि ती घोडी तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही आसपासच्या गावांना त्रास देऊ लागाल. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत, तेही गाव सोडून जातील. मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट, असे लोक म्हणतील. तेव्हा ज्याला जे हवे, ते त्याने बाजारातून विकत आणावे; कोणावर जबरदस्ती करू नये.

एवढ्यावरही पत्र थांबत नाही. गवताच्या गंजींजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा सुटेल आणि गंजी पेटेल. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि आग लागेल. म्हणून दिवा विझवून झोपा.

बंधूंनो, क्षणभर विचार करा. ज्याच्या घोडदळाच्या टापांनी औरंगजेबाची झोप उडाली, तो राजा उंदराने ओढून नेलेल्या दिव्याच्या वातीची चिंता करतो आहे. कुणब्याच्या परसातील भाजीची चिंता करतो आहे. अमेरिकेच्या त्या भोजनखेळात योद्धा आहे, घोडा आहे, भाला आहे, मेजवानी आहे. फक्त घोड्याने काय खाल्ले आणि ते कोणाच्या शेतातून आले, हा प्रश्न नाही. महाराजांच्या राज्याचा आरंभच या प्रश्नापासून होतो. भाला सर्वांना दिसतो. चारा ज्याला दिसतो, तो जाणता.

हे पत्र पुण्या-मुंबईच्या सभागृहात वाचले, तर टाळ्या मिळतात. मराठवाड्यात वाचले, तर ते समजते. २०१२-१३ चा दुष्काळ आपण भोगला आहे. या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. जनावरांसाठी मराठवाड्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ‘छावणी’ हा शब्द आपल्या आईबापांनी दावणीच्या दोरासह हातात धरला आहे. पेंढीची किंमत आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. म्हणून मी म्हणतो, हलवर्णच्या छावणीला लिहिलेले ते पत्र समजून घेण्याचा पहिला अधिकार आपला आहे.

महाराजांची पागा कशी चाले, हे सभासद बखरीत सांगितले आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि त्यावर चढत्या क्रमाने हजारी, पंचहजारी, सरनोबत. या प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी म्हणजे पाणी वाहणारा, नालबंद म्हणजे घोड्याच्या टापांना नाल ठोकणारा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपण सरनोबत पाहतो, बारगीर पाहतो. पखालजी कधी पाहिला आहे का? नालबंदाचा देखावा कोणी उभा केला आहे का? त्यांच्यावाचून पंचवीस घोडी एक मुक्कामही पुढे सरकली नसती.

आपल्या जिल्ह्याचा एक प्रसंगही येथे आठवला पाहिजे. १६७९ च्या नोव्हेंबरात महाराज मोगली मुलखात शिरले आणि त्यांनी जालन्यावर चढाई केली. जालना तेव्हा मोगलांच्या ताब्यातील भरभराटलेली पेठ होती. चार दिवस मराठी फौज येथे होती. परतताना संगमनेरच्या बाजूला मोगलांच्या फौजेने गाठले. फौजेजवळ लुटीचे ओझे होते, वाट अवघड होती. सिधोजी निंबाळकर धारातीर्थी पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना आणि फौजेला पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तेथे विसावा घेतला, म्हणून त्या गडाचे नाव विश्रामगड पडले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. म्हणजे त्यांच्या हयातीतील अखेरची मोठी मोहीम आपल्या जालन्याची आहे. पलीकडे सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर आहे. उत्तरेला आपल्याच जिल्ह्यात असई आहे, जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी मराठी फौज आणि इंग्रज यांच्यात घनघोर लढाई झाली. इतके सारे अंगणात असताना आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे आपण भाड्याचा दरबार उभा करतो, याचे नवल वाटते.

आणि ज्या घोड्यावर हा इतिहास घडला, त्या घोड्याचे आज काय झाले? लग्नातील उंच, पांढरा, नाचणारा घोडा तो नव्हे. मराठी फौजेचे खरे बळ दख्खनी तट्टू होते. भीमेच्या काठचे, म्हणून भीमथडी. अंगाने लहान, खाण्याला कमी, डोंगरातून न थकता चालणारे. भरपूर दाणा मागणारे जड घोडे घेऊन गनिमी कावा खेळता येत नाही. या भीमथडी घोड्याला अलीकडच्या काळात स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली. तो आज कोणाजवळ आहे? तर मेंढरे घेऊन रानोरान फिरणाऱ्या धनगर बांधवांजवळ. पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी आणि कधी एखादे लेकरू, अशा अवस्थेत तो आपल्या रस्त्यावरून जातो. आपण मोटारीचा कर्णा वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगतो आणि पुढे जाऊन पांढऱ्या घोड्याचे भाडे ठरवतो.

मग करायचे काय? केवळ टीका करून व्याख्यान संपवणे मला योग्य वाटत नाही. फ्रान्समध्ये प्वी दू फू नावाचे स्थान आहे. तेथील पडक्या किल्ल्यापाशी १९७८ पासून उन्हाळ्यातील रात्री एक भव्य इतिहासप्रयोग होतो. त्यात दोन हजारांहून अधिक माणसे भाग घेतात आणि ती बहुतांशी आसपासच्या गावांतील स्वयंसेवक असतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. आज्याने केलेली भूमिका नातू करतो. त्या प्रयोगातील इतिहासावर तेथील इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत आणि तेथेही पुढे मोठे व्यावसायिक उद्यान उभे राहिले, हे खरे. तरी गावाने स्वतःची गोष्ट स्वतः सांगावी, ही मूळ कल्पना घेण्यासारखी आहे.

तीर्थपुरीने पुढच्या शिवजयंतीला असा एक प्रयोग का करू नये? विषय जालन्याच्या मोहिमेचा. भूमिका करणारे याच गावचे. रंगमंच म्हणजे बाजारतळाची मोकळी जागा. त्यात सिधोजी निंबाळकर असावेत, बहिर्जी असावेत आणि पखालजी, नालबंद, वैरण मोजून देणारा कारकूनही असावा. हलवर्णच्या छावणीचे ते पत्र आपल्या शाळेतील एखाद्या मुलीने मोठ्याने वाचावे. कोल्हापूरच्या आखाड्यातून एखादा जाणकार बोलावून तरुणांनी चार महिने बोथाटी शिकावी. आरंभी पायांवर, पुढे जमल्यास घोड्यावर. जनावर आणायचे तर कायद्याची परवानगी आणि त्याच्या पाण्या-वैरणीची सोय आधी करावी; चिपळूणच्या त्या पत्राची तीच आज्ञा आहे. परिसरातून जाणाऱ्या एखाद्या धनगर कुटुंबाला त्याच्या भीमथडी घोड्यासह मानाने बोलवावे. पाहू द्या आपल्या मुलांना, स्वराज्य कोणाच्या पाठीवर उभे राहिले ते.

आणि जेवणही असावे! जेवणाला मी विरोध करतो असे कोणी समजू नये. प्रत्येक घरातून भाकरी यावी, मोठ्या कढईत पिठले व्हावे आणि पंगत बसावी. पंगत आणि मेजवानी यांत एक भेद आहे. मेजवानीत जेवणारा आणि वाढणारा यांची जात वेगळी असते. पंगतीत या पंगतीचा जेवणारा पुढच्या पंगतीचा वाढपी होतो. ज्या गावात सर्व वस्त्यांची माणसे एका ओळीत बसून एकमेकांना वाढतात, त्या गावाला दरबाराचा देखावा भाड्याने आणावा लागत नाही. या पंगतीत एक नियम मात्र असावा. ज्यांनी मावळ्यांच्या भूमिका केल्या, ज्यांनी दिवसभर भाले पेलले, ती मुले पहिल्या पंगतीला बसावीत आणि त्यांना सरपंचांनी, पुढाऱ्यांनी, व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी वाढावे.

२०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. आता जगभरातून लोक हे गड पाहायला येतील. त्यांच्यासाठी गडांच्या पायथ्याशी भोजनखेळांचे मंडप पडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यांना रोखणे आपल्या हाती नाही. परंतु त्या मंडपांतून बाहेर पडलेल्या पाहुण्याने जर विचारले, “खरे कसे होते?” तर उत्तर देणारी माणसे गावोगावी असली पाहिजेत. त्यांना तलवारीची लांबी सांगता आली नाही तरी चालेल. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी का होता, एवढे त्यांना सांगता आले पाहिजे.

 कार्यक्रमानंतर येथे प्रसादाची व्यवस्था आहे, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. दारात स्वागताला दुपारपासून काही मुले फेटे बांधून उभी आहेत. माझी विनंती आहे की, पहिले ताट त्यांना वाढावे. वाढपी म्हणून मी येतो.

जय भवानी, जय शिवाजी!